तीनच्या खेळातली सुधा

कामतघर, भिवंडी
९ नोव्हेंबर २०२५

अरशदभाई,

अस्सलामु अलैकुम. पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. पत्ता तुझ्या जुन्या दोस्ताकडून, अफनानकडून घेतला. तो फोन नंबरच देत होता, मी नको म्हटलं. मी फोन कानाला लावला की आमच्या घरात चार जण शेजारी येऊन बसतात आणि 'कोण, कोण' करतात. पत्राचं तसं नाही. दार लावून लिहिलं की कुणाला वाटतं औषधांची यादी करतेय.

वहिनी गेल्या तेव्हाच लिहायला हवं होतं. त्याला दोन वर्षं झाली. आमच्या ह्यांना जाऊनही चार होतील. लिहायच्या गोष्टी सगळ्या अशा शिळ्या झाल्यात, म्हणून मी सरळ सिनेमाबद्दल लिहिते.

'सातवा गवाह' पुन्हा काढलाय, तुला कळलं का? आफरीन, म्हणजे माझ्या बुशराची मुलगी, मला कल्याणला मॉलमध्ये घेऊन गेली. तू अब्बांच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये फिटर होतास त्या साली तो आपल्या टॉकीजला लागला होता, १९८० साली. मी पाच वेळा पाहिला होता, पाचही वेळा तीनच्या खेळाला. शेवटच्या वेळी तर अम्मीला दर्ग्याला जाते सांगून गेले. म्हटलं बघू तरी, ह्या सिनेमावाल्यांनी नवीन काय केलंय.

काय सांगू. जुन्यातला जज आठवतो? सर्दी झालेला, दर पाच मिनिटांनी रुमाल काढायचा. तो खरा जज वाटायचा. नव्यातला जज च्यवनप्राशच्या जाहिरातीतला आजोबा आहे. जुन्या कोर्टात डुगडुगणारा पंखा होता आणि खिडकीत कबुतर. नवं कोर्ट लग्नाच्या हॉलएवढं, त्यात वकील असा ओरडतो की मागच्या रांगेतलं पोर उठून रडायला लागलं. आरोपी माधवच्या मोबाइलचं लोकेशन काढलं तर खटला दहा मिनिटांत संपेल, म्हणून त्याचा मोबाइल विहिरीत पडलेला दाखवलाय. आफरीनसुद्धा हसली.

तेही चाललं असतं. पण ह्यांनी सुधाला बोलायला लावलंय. गोदामाला आग लागली त्या दुपारी माधव सुधाच्या घरी होता, एवढं तिनं सांगितलं तर तो सुटतो आणि तिचं नाव जातं. आपली सुधा काय करायची? वकील विचारायचा, 'बोलिए, उस दिन माधव कहाँ था?' तिचा चेहरा पडदाभर व्हायचा. ओठ हलायचे, आणि बस. लगेच पुढे माधव कोर्टाच्या पायऱ्या उतरत असायचा, मोकळा. ती एक अक्षर बोलली नाही आणि तो सुटला. ही नवी सुधा बाजा लावून भाषण करते. गप्प राहायला किती हिंमत लागते ते ह्या लोकांना कुठलं कळायला? मला थिएटरातच राग आला. तुझा अफनान तेव्हाही म्हणायचा की सुधा बोलते. आम्ही बायका म्हणायचो, हे नऊच्या खेळाचे लोक अर्धे झोपेत बघतात.

आफरीनचं ठरलंय. १६ जानेवारीला, शुक्रवारी निकाह आहे. मुलगा बरा आहे, शाळेत शिकवतो. तिला कुणी विचारलं की मान खाली घालते. सगळे म्हणतात लाजते. मला काही कळत नाही.

तू नवा पाहिलास का? कुठला बरा ते खरं सांग. त्या सिनेमाबद्दल मला दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही, म्हणून तुला लिहिलं.

शमीम

—

इचलकरंजी
२१ नोव्हेंबर २०२५

शमीम,

वालेकुम सलाम. 'भाई' कधीपासून? पंचेचाळीस वर्षांत माझी बढती झालेली दिसते. पत्र तुझं आहे हे पाकिटावरच्या अक्षरावरून कळलं. तुझा 'भ' अजून तसाच, पोट सुटलेला. मराठी शाळेतल्या बाईंनी त्यावरून तुला किती छड्या दिल्या होत्या.

माझं बरं चाललंय. आता शेडवर जात नाही. मुलाचं लूमच्या पार्टचं दुकान आहे, तिथं सकाळचा बसतो. कुणाची लूम अडली की अजून मलाच बोलावतात. नव्या मशिनींना आवाज नाही, त्यामुळे कुठं दुखतं ते कळत नाही. जुनी लूम दोन गल्ल्यांवरून सांगायची.

सिनेमा मी पाहिला. एकटाच गेलो होतो. मला नवा अगदीच टाकाऊ वाटला नाही. माधवचं काम करणारा पोरगा बरा आहे, पायऱ्या उतरताना त्याला कुठं जायचं ते कळत नाही, ते त्यानं चांगलं केलंय. जज आणि मोबाइलबद्दल तू म्हणतेस ते खरं. जुन्याची सर त्याला नाही.

पण एक गोष्ट तू चुकीची लिहिली आहेस. जुन्यातही सुधा बोलते. भाषण करत नाही, पण बोलते. तो सीन मला पाठ आहे. वकिलाच्या प्रश्नानंतर ती गप्प होते, जज शिपायाला पाणी द्यायला सांगतो. ती ग्लास हातात घेते, पीत नाही, कठड्यावर ठेवते. मग म्हणते, 'माधव मेरे घर था. मैंने रोका था, इसलिए था.' मागच्या बाकावरून तिचा बाप उठून जातो, त्याच्या चपलांचा आवाज येतो. दुसरं काहीच नाही, बाजा नाही की काही नाही. माझी ड्युटी दिवसाची, म्हणून तिन्ही वेळा नऊच्या खेळाला पाहिला, आणि तिन्ही वेळा टक्क जागा होतो.

त्या सीनवरूनच मी तुला जिन्याखाली जे म्हटलं होतं ते तू विसरली नसशील. की विसरलीस? सुधा बोललीच नाही असं धरलं म्हणजे आपल्या गप्प बसण्यालाही हिंमत म्हणता येतं. असो. हे लिहायचं नव्हतं. आता खोडत बसत नाही.

आफरीनला दुवा. आहेर पाठवीन. येणं जमणार नाही. माझ्या अम्मीच्या मय्यतीला आलो होतो तेव्हाही कब्रस्तानातून सरळ स्टँडवर गेलो होतो. भिवंडी मला आता सोसत नाही.

अरशद

—

कामतघर
२८ नोव्हेंबर २०२५

अरशद,

भाई गेला खड्ड्यात. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. बुशराला वाटलं माझं ब्लडप्रेशर वाढलंय. वाढलंच होतं.

मी विसरले म्हणतोस? ऐक मग. जिन्याखाली तेलाचे डबे ठेवलेले होते, तिथे तू उभा होतास, हाताला ग्रीस होतं. तू विचारलंस, 'सातवा गवाह पाहिलास ना?' मी म्हटलं, पाच वेळा. वरून माझी खाला उतरत होती. तू घाईनं म्हणालास, 'शुक्रवारी तुला विचारायला येतील. सुधानं केलं तसं कर. बाकी मी बघतो.' एवढंच. ह्यातला एक शब्द कमीजास्त असेल तर सांग.

मी तसंच केलं. अब्बांनी आठ दिवसांत सगळं ठरवलं होतं, निकाह आधी, पाठवणी महिन्यानं. जुम्म्यानंतर बडे मामू निकाहचे वकील म्हणून माझी कबुली घ्यायला आत आले, बरोबर दोन साक्षीदार. मी ओढणीत बसले होते. मामूंनी नाव घेऊन तीनदा विचारलं, कबूल आहे का. मला 'नाही' म्हणायचं होतं, अरशद. ते माझ्या दातांपर्यंत आलं होतं. पण तू सांगितलं होतंस सुधासारखं कर, आणि सुधा गप्प बसते. ती गप्प बसते म्हणून माधव सुटतो. मला वाटलं तुझा काही बेत आहे, मी बोलले तर तो फसेल. मी ओठ घट्ट दाबून धरले. खाला म्हणाली, 'शरमाती है. चुप मतलब हां.' मामू उठले. बाहेर खजूर वाटले गेले. मी दाराकडे बघत बसले होते.

तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी कळलं, तू इचलकरंजीला गेलास.

अब्दुर्रहमानबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगला माणूस होता. माझ्यावर कधी हात उगारला नाही की घालून पाडून बोलला नाही. माझ्या दुखण्यात पाय चेपले. मी त्यांच्याशी नीट संसार केला आणि ते गेले तेव्हा खरी रडले. पण जुम्म्याची नमाज सुटली, गल्लीत चपला वाजायला लागल्या की मी दाराकडे बघते. ही सवय काही गेली नाही. आज शुक्रवार आहे. आजही बघितलं.

आणि तू मला लिहितोस की मी विसरले. सुधा बोलली असती तर मी बोलले नसते का? पाच वेळा पाहिला मी. पाच वेळा ती गप्प होती. आपल्या दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलतोय, आणि मी नाही.

आफरीननं मोबाइलवर शोधलं. जुना सिनेमा कुठंच नाही, नुसती गाणी आहेत. टॉकीजचं आता कापडाचं गोदाम झालंय. पण सिनेमा चालवायचा तो रघू अजून आहे, दिघाशीला. मी त्याला जाऊन विचारणार आहे. मग तुला लिहीन, माफी मागायची तयारी ठेव.

शमीम

—

कामतघर
१५ डिसेंबर २०२५

अरशद,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते. म्हणजे बघत होते.

मी दिघाशीला जाऊन आले. आफरीनला बरोबर घेतलं. बुशराला सांगितलं, जुनी ओळख आहे, पत्रिका द्यायची आहे. रिक्षावाल्यानं गावाच्या वेशीवर सोडलं, पुढे विचारत गेलो. रघू ओट्यावर वाल सोलत बसला होता. सगळे केस गेलेत, पण ओळखलं मी. त्याची बायको गुणाबाई आतून पाणी घेऊन आली. मी ग्लास हातात घेतला आणि तुझ्या पत्रातली सुधा आठवली, तेव्हा पाणी पिऊन टाकलं.

सरळच विचारलं. म्हटलं, 'रघू, सातवा गवाह. शेवटी सुधा कोर्टात बोलते की नाही?'

तो म्हणाला, 'कुठल्या खेळाला?'

मला आधी कळेचना. मी म्हटलं, 'खेळाचा काय संबंध?'

'हाय ना संबंध,' तो म्हणाला. 'नऊच्या खेळाला बोलते. तीनच्या खेळाला न्हाय बोलत.'

मग त्यानं सांगितलं ते असं. सिनेमा लांबडा होता. तीनचा खेळ सुटायला सव्वासहा व्हायचे. रात्रपाळी सातला लागायची. तीनच्या खेळाला निम्मे लोक रात्रपाळीचे. टॉकीजपासून कामतघरपर्यंत चालत यायचं, घास खायचा आणि भोंग्याच्या आत लूमवर उभं राहायचं. उशीर झाला की लूम बदलीवाल्याच्या हातात. पहिल्या दिवशी लोक सिनेमा टाकून मधेच उठून पळाले, जाताना खुर्च्या आपटून गेले. दुसऱ्या दिवशी मालक रघूला म्हणाला, तीनच्या खेळातलं एक रीळ उडव.

रघू म्हणाला, 'मग मी पंधरावा रीळ काढून ठेवला. कोर्टाचा होता. त्याच्यात गाणा नव्हता ना. गाण्याचा काढला असता तर पब्लिकनी माझा चामडा काढला असता. दहा मिनटाचा तर रीळ. तीनवाल्यांना काय ठावं, नऊला काय लावतंय ते.'

पंधराव्या रिळात काय होतं, मी विचारलं. तो म्हणाला, 'पाण्याचा गिलास. ती बोलते. बापूस उठून जाते. कोरट सुटते.'

तू लिहिलंस तसंच, अरशद. ग्लाससकट.

गुणाबाईनं चहा आणला, तो निवला, तिनं दुसरा आणला. रघूला वाटलं मी रागावले. म्हणाला, 'ताई, काय चुकला काय माझा?' त्याच्यावर राग येईना. माणसांची लूम जाऊ नये म्हणून केलं त्यानं. आपल्या शेडमधलेही असतील त्यात. अब्बांच्या आठ लूमी वेळेवर सुरू व्हाव्यात म्हणून सुधाचं तोंड बंद केलं, आणि मी तिच्याकडून गप्प बसायला शिकले.

परत येताना आफरीननं विचारलं, 'नानी, त्या सिनेमात तुमचं काय होतं?' मी सांगितलं. पूर्ण नाही, पण पुष्कळ. तिनं माझा हात धरून ठेवला होता. घर आलं तरी सोडला नाही. मग म्हणाली, 'मग तुम्ही त्यांना तेव्हाच पत्र का नाही लिहिलंत?' मी म्हटलं, त्यानं तरी कुठं लिहिलं.

मी खोटं बोलत नव्हते आणि तूही नव्हतास. माफी कुणी कुणाची मागायची ते तू ठरव.

१६ जानेवारीला ये. अब्बांच्याच घरात निकाह आहे, आता वर दोन मजले चढलेत, पण खालची खोली आणि दार तेच आहे. आहेर नको. तू ये.

शमीम

—

इचलकरंजी
२७ डिसेंबर २०२५

शमीम,

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला चुकीचा पार्ट दिला. नंतर घरी जाऊन चार वेळा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सिनेमाला गेलो. नवाच, पण ह्या वेळी दुपारी तीनच्या खेळाला. वकिलानं सुधाला प्रश्न विचारला तसा मी उठलो आणि बाहेर आलो. घड्याळ बघून दहा मिनिटं उभा राहिलो. दारावरच्या माणसानं विचारलं, 'चाचा, बरं वाटत नाही का?' मी म्हटलं, वाटतंय. मग पुन्हा आत गेलो. माधव पायऱ्या उतरत होता. म्हणजे तुझा सिनेमा मी पाहिला. तू बरोबर आहेस. असाच पाहिला तर कुणालाही वाटेल की ती गप्प बसली म्हणून तो सुटला. मलाही वाटलं असतं.

आता माझं ऐक. त्या शुक्रवारी मी इचलकरंजीला गेलो नव्हतो. तुमच्या दारातच होतो, पुरुषांच्या बैठकीत, पडद्याला लागून. अम्मी आणि चाचा बाजूच्या गल्लीत मिठाईचं ताट घेऊन बसले होते. तू 'नाही' म्हणालीस की मी त्यांना बोलावणार, आणि सगळ्यांसमोर चाचा तुझ्या अब्बांकडे माझ्यासाठी मागणी घालणार. अब्बा मारतील, शेडमधून काढतील, ते सगळं धरलं होतं. फक्त तुझा आवाज यायला हवा होता. मी पडद्याला कान लावून होतो. मामूंचं विचारणं तिन्ही वेळा ऐकलं. तुझं काही ऐकू आलं नाही. मग आतून 'मुबारक' आलं. माझ्या हातावर कुणीतरी खजूर ठेवला. मी समजलो, ही तुझी मर्जी. अम्मी ताट घेऊन तशीच घरी गेली.

इतकी वर्षं मी म्हणत आलो की शमीमनं तोंड उघडलं नाही. पण मी तरी कुठं उघडलं? जिन्याखाली सरळ विचारायला काय झालं होतं, माझ्याशी लग्न करशील का? तेवढे शब्द माझ्याकडे नव्हते, म्हणून सिनेमातल्या बाईवर सोपवून मोकळा झालो. रघूनं दहा मिनिटं कापली. पुढची वर्षं मी कापली.

आमच्या घरातली फार समजूतदार होती. तिला एकदा सांगितलं होतं, की भिवंडीत एकीनं मला नाकारलं. ती म्हणाली होती, 'नाकारलं कशावरून? विचारून आलात का?' मी तिच्यावरच चिडलो होतो.

तू ये म्हणतेस. नाही जमायचं, शमीम. त्या पडद्याबाहेर पुन्हा उभं राहायची माझ्यात ताकद नाही. पण एक काम कर. त्या दिवशी आफरीनच्या शेजारी तू बस, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस.

अरशद

—

दिघाशी, रघूच्या घरून
१७ जानेवारी २०२६

शमीम,

हे पत्र रघू तुला हातात देईल. त्याला चहा दे, फार साखरेचा नको, त्याला डायबेटिस आहे आणि तो सांगणार नाही.

मी आलो होतो.

इचलकरंजीहून निघताना मुलाला सांगितलं, एक पार्ट बघायला जातोय. गुरुवारी रघूकडे उतरलो. काल जुम्मा पढून रघूला घेऊन तुमच्या गल्लीत आलो. गर्दी होती, मला कुणी ओळखलं नाही. अफनाननं ओळखलं, पण त्यानं नुसता खांदा दाबला आणि जागा करून दिली. जागा कुठं मिळाली असेल? पडदा नवा आहे, हिरवा. बाकी तेच.

वकील आत गेले तेव्हा मी पडद्याला कान लावला. पासष्टी उलटलेला माणूस मी, आणि परक्या पोरीच्या निकाहात घाम पुसतोय. आतून ऐकू आलं, 'आफरीन, कबूल आहे का?' मग काहीच नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. मग कुणा बाईचा आवाज आला, 'लाजते हो, हां समजा.' शमीम, मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता मुबारक येणार.

तेव्हा तू बोललीस.

'थांबा. हां समजायचं नाही. तिला पाणी द्या. ती स्वतः सांगेल, तोवर कुणी उठायचं नाही.'

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, ही कोण? मी म्हटलं, मुलीची नानी. तुझा आवाज जाडा झालाय, थोडा चिरकतो. पंचेचाळीस वर्षं माझ्या कानात तुझा दुसराच, जुना आवाज होता.

मग ती पोर बोलली, गल्लीपर्यंत गेलं असेल. 'कबूल आहे. पण मी बी.एड. पूर्ण करणार. ते पण लिहा.' बाहेर हशा झाला. नवरामुलगा म्हणाला, 'लिहा की, मी कुठं नाही म्हणतोय?' काझींनी लिहिलं. माझ्या हातावर पुन्हा कुणीतरी खजूर ठेवला. ह्या वेळी मी तो खाल्ला.

तुला भेटावं म्हणून उठलो होतो. दारापर्यंत आलो. आत बायकांची गर्दी होती, तू आफरीनच्या डोक्यावर हात ठेवून उभी होतीस आणि दाराकडे बघत होतीस. शुक्रवार होता ना. मला पुढे यायला जमलं नाही. तुझ्या घरच्या आनंदात माझी अडचण कशाला, असं मनाशी म्हटलं आणि रघूबरोबर परत आलो. रघू वाटेत मला म्हणाला, 'तुमी पण पंधरावा रीळ कापलाव.' तेव्हापासून मला चैन नाही.

म्हणून जिन्याखाली विचारायला हवं होतं ते आज विचारतो. सिनेमाचं नाव घेत नाही. शमीम, मी येऊन बसू का तुझ्याजवळ? रोज नाही म्हणत. पण महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस, उघडपणे, सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून. तुझ्या घरच्यांना काय सांगायचं ते मी स्वतः सांगेन.

रघू उत्तर घेऊनच परत येणार आहे. नको असेल तर तसं लिही, मी उद्याची गाडी धरीन आणि मनात काही ठेवणार नाही. गप्प राहिलीस तर मात्र ह्या वेळी मी काहीच समजणार नाही. दारावर येऊन विचारीन.

अरशद

—

कामतघर
१७ जानेवारी

अरशद,

रघू चहा पितोय, बिनसाखरेचा. त्याला आवडलेला नाही.

तुझं पत्र मी बुशराला मोठ्यानं वाचून दाखवलं. आफरीन आणि तिचा नवराही तिथेच होते. एक ओळ न गाळता सगळं वाचलं. बुशरा थोडी रडली, मग म्हणाली, जेवायला काय करू.

ये. उद्या तीन वाजता ये, आणि शेवटपर्यंत बस. आता कुणालाच सातची पाळी गाठायची नाही.

शमीम